पासिंग कुठलं, पत्रा कुठला

जुन्या गाड्यांच्या बाजारात पुण्याला मान आहे. प्रीमियर पद्मिनी असो (महाराष्ट्र तिला अजूनही फियाटच म्हणतो), ॲम्बेसिडर असो वा पहिल्या काळातली मारुती ८००, विकणारा ‘पुणे पासिंग’ म्हणाला की भाव वर सरकतो. तीच गाडी मुंबईची निघाली तर गिऱ्हाईक आधी गंजाचं विचारतं, आणि दिल्लीची असेल तर ती स्वस्तच मिळायला हवी असं धरून चालतं. या फरकाचं कारण सगळे हवामानात शोधतात. हवामानाचा वाटा आहेच, पण त्यावर ठरते ती पत्र्याची अवस्था. भाव ठरतो कायद्यावर आणि कारागिरावर. हे दोन हिशेब एकत्र केल्यामुळे पुण्यातले बरेच खरेदीदार गाडीऐवजी नंबरप्लेटचे पैसे मोजतात, असं माझं म्हणणं आहे.

आधी पत्रा. पद्मिनी काय, ॲम्बेसिडर काय, दोघींना जीपसारखी वेगळी चासी नाही. बॉडीच सगळा भार पेलते. त्यामुळे फ्लोअर, दाराखालचे सिल किंवा सस्पेन्शनच्या बैठकीचा पत्रा सडला, तर प्रश्न शोभेचा राहत नाही, गाडीच्या हाडांचा होतो. मुंबईत वर्षाला २,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, शिवाय खारी हवा बारा महिने. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. पाऊस सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास. तेव्हा पुण्यात उभ्या राहिलेल्या गाडीचा पत्रा जास्त टिकणार, हे उघड आहे. मात्र अट ‘उभ्या राहिलेल्या’ या शब्दांतच आहे. राज्यातल्या राज्यात गाडी विकली गेली, मालकाचा पत्ता बदलला, तरी नंबर तोच राहतो. पुण्याच्या एमएच-१२ नंबरची गाडी वीस वर्षं रत्नागिरीत राहिली असेल, आणि मुंबईचा नंबर असलेली एखादी गाडी निम्मं आयुष्य साताऱ्यात बंद गॅरेजमध्ये. प्लेट गाडीचा जन्म सांगते. मुक्काम कळतो तो आरसीवरच्या हस्तांतराच्या नोंदींतून, विम्याच्या जुन्या कागदांतून आणि गाडी रॅम्पवर चढवून खालून पाहिल्यावर. लांबी भरून वर ताजा रंग मारलेल्या भागावर लोहचुंबक धरून पाहावं, तेवढ्यानं पुष्कळ कळतं. कोरड्या मुलखाचंही वेगळं देणं असतं. विदर्भ-राजस्थानच्या उन्हात दारांची रबरं, डॅशबोर्ड, सीटकव्हरं तडकतात. पण रबर बदलता येतं. सडलेला फ्लोअर कापून नवा पत्रा जोडायचा खर्च कित्येकदा दोन शहरांतल्या भावाच्या फरकाहून मोठा होतो.

दिल्लीची गाडी स्वस्त असते ती मात्र हवेमुळे नाही. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१४ आणि २०१५च्या आदेशांनी राजधानी परिसरात पंधरा वर्षांवरची पेट्रोल आणि दहा वर्षांवरची डिझेल वाहनं रस्त्यावर आणण्यास मनाई झाली. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०१८मध्ये ती कायम ठेवली. पुढे अंमलबजावणी कधी सैल, कधी कडक झाली, पण मालकाच्या मनातली धास्ती भावात उतरली. पत्रा ठणठणीत असलेली गाडीसुद्धा तिथं ओझं ठरली आणि एनओसी घेऊन बाहेरच्या राज्यांकडे निघाली. यावर कोणी म्हणेल, मग दिल्लीची गाडी आणण्यातच शहाणपण आहे. काही वेळा आहेही. पण परराज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे इथलं पासिंग करून घ्यावं लागतं. त्यात कर, वाहतूक, तपासणी आणि आरटीओच्या खेपा आल्या. इंजिन किंवा चासी नंबर पुसट असेल तर सगळंच अडतं. हे सारं धरून जो आकडा येतो, तोच खरा भाव.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आता मोबाइलवर देशभरचे भाव दिसतात, मग प्रांतांचा फरक उरतोच कशाला? भाव दिसले म्हणून कारागीर हलत नाहीत. १९६०च्या दशकात टेल्को आणि बजाज पिंपरी-आकुर्डीला आल्यावर भोसरी-चिंचवडभर लेथ आणि बोअरिंगची कामं करणारे छोटे कारखाने उभे राहिले. सुट्या भागांसाठी नाना पेठ आहेच. जो भाग बाजारात मिळत नाही तो इथं घडवून घेता येतो. पुणे पासिंगला जास्त पैसे देण्याचं सगळ्यांत सबळ कारण मला हे वाटतं, आणि ते प्लेटवर कुठंही दिसत नाही. फियाटच्या भागांचा मोठा आधार मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा होता. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. टॅक्सीचं गिऱ्हाईक संपलं की दुकानदार माल ठेवणं थांबवतो. यापुढे जिथं हात शिल्लक आहेत, तिथली गाडीच किंमत राखेल.

आणि तरीही हा सगळा व्यवहार एका नियमाशी अडतो. २०२१च्या केंद्रीय अधिसूचनेनं ५० वर्षांवरच्या मूळ रूपातल्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिका दिली. २०,००० रुपयांत दहा वर्षांची नोंदणी, मात्र वापर प्रदर्शन, रॅली, संशोधन अशा कामांपुरता. जर्मनीत ३० वर्षांच्या सुस्थितीतल्या गाडीला ऐतिहासिक दर्जा आणि करसवलत मिळते. आपल्याकडे ३० ते ५० वर्षांमधली गाडी सरकारलेखी निव्वळ जुनं वाहन. वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क ऑगस्ट २०२५पासून १०,००० रुपये झालं, तेही दर पाच वर्षांनी. पर्यावरण कर वेगळा. जुन्या गाड्या धूर ओकतात, म्हणून हा भुर्दंड रास्तच, असं म्हटलं जातं. रोज धावणाऱ्या गाडीबाबत मला ते मान्य आहे. महिन्यातून दोनदा बाहेर निघणाऱ्या, जपलेल्या पद्मिनीला तोच न्याय लावणं मात्र चूक आहे. या भुर्दंडाला कंटाळून चांगला पत्रा भंगारात जातो आणि उरलेल्या गाड्यांचे भाव विनाकारण फुगतात. वापरावर मर्यादा घालून ‘व्हीए’ मालिकेची ५० वर्षांची अट ३० वर्षांवर आणावी, अशी मागणी पुण्याच्या गाडीमालकांनी आणि गॅरेजवाल्यांनी मिळून परिवहन खात्याकडे लावून धरायला हवी.