कर कोण भरतो, हिशेब कोण विचारतो

फ्रेंच प्रजा राजाच्या करांखाली भरडली जाते आणि आपण मात्र मोकळे आहोत, अशी अठराव्या शतकातल्या इंग्रजांची ठाम समजूत होती. पीटर मथायस आणि पॅट्रिक ओब्रायन या अर्थ-इतिहासकारांनी १९७६ साली दोन्ही देशांच्या १७१५ ते १८१० या काळातील करवसुलीची तुलना प्रसिद्ध केली, तेव्हा चित्र नेमके उलटे निघाले. दरडोई पाहा किंवा राष्ट्रीय उत्पन्नातला वाटा पाहा, कराचा बोजा ब्रिटनमध्येच जड होता. तरी दिवाळखोरी आणि क्रांती ओढवली ती फ्रान्सवर. याचा अर्थ मला असा दिसतो, की राज्याची करवसुलीची ताकद जरबेवर ठरत नाही. कर सर्वांना लागतो का आणि त्याचा हिशेब मागता येतो का, यावर ती ठरते.

फ्रान्समध्ये ‘ताय’ या प्रत्यक्ष करातून सरदार आणि धर्मगुरू बहुतांशी सुटलेले होते. मिठावरचा ‘गाबेल’ प्रांतागणिक इतका वेगळा होता, की शेजारच्या दोन प्रांतांत मिठाच्या भावात अनेक पटींचा फरक पडे. अप्रत्यक्ष करांची वसुली मक्त्याने दिलेली होती. मक्तेदार ठरलेली रक्कम राजाला देत आणि वरचा नफा स्वतः ठेवत. ब्रिटनमध्ये १६८९ नंतर पार्लमेंटच्या संमतीविना कर बसवता येत नव्हता. दारू, मीठ, साबण, मेणबत्त्या यांवरचे अबकारी शुल्क गोळा करायला १७८०च्या दशकात सुमारे ५ हजार पगारी कर्मचारी होते. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धानंतर दोन्ही सरकारांच्या महसुलाचा साधारण निम्मा भाग कर्जाच्या व्याजात जाऊ लागला. पण पार्लमेंटची हमी असल्यामुळे ब्रिटनला स्वस्तात कर्ज मिळे, फ्रान्सला ते महाग पडे. १७८१ साली फ्रान्सचा अर्थमंत्री नेकरने राजाचा जमाखर्च प्रथमच छापला, तोही युद्धखर्च वगळून. १७८७ साली त्याच पदावरच्या कालोनने सर्व जमिनींवर सरसकट कर सुचवला, तेव्हा व्हर्सायला जमलेल्या मानकऱ्यांनी त्याला मान्यता दिली नाही. दोन वर्षांनी, १६१४ नंतर प्रथमच, राजाला इस्टेट्स-जनरल ही धर्मगुरू, सरदार आणि सामान्य या तीन वर्गांच्या प्रतिनिधींची सभा बोलवावी लागली.

ब्रिटन व्यापाराने श्रीमंत झाला म्हणून जास्त कर देऊ शकला, असा आक्षेप घेता येईल. पण फ्रान्सचा परदेशी व्यापारही या शतकात झपाट्याने वाढला होता आणि सेंट-डोमिंग ही साखरेची सर्वांत श्रीमंत वसाहत त्याच्याच ताब्यात होती. संपत्ती होती, तिच्यापर्यंत राज्याचा हात पोहोचत नव्हता. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पार्लमेंट जमीनदारांचे होते, आणि साबण-मिठावरचा कर गरिबालाच जास्त बोचत होता. हे खरेच आहे. ती संमती थोड्यांची होती. पण जन्माने सरदार असल्यामुळे तिथे जमीन-कर माफ होत नव्हता, आणि थोड्यांची संमतीसुद्धा फ्रान्सच्या राजाला मिळवता आली नाही.

संमतीने कर घेण्याचा हा गुण ब्रिटिश रक्ताचा नव्हता. त्याच ब्रिटिशांनी भारतात मिठाचा कर प्रजेला न विचारता वसूल केला आणि चोरटी वाहतूक अडवण्यासाठी पार बुऱ्हाणपूरपर्यंत जकातीची काटेरी कुंपणरेषा राखली. ती १८७९ साली उठली. मायदेशात मात्र १७३३ साली लोकक्षोभापुढे पंतप्रधान वॉल्पोलला अबकारी योजना मागे घ्यावी लागली, आणि १७९९ साली फ्रान्सविरुद्धच्या युद्धासाठी आलेला प्राप्तिकर युद्ध संपताच, १८१६ साली, पार्लमेंटने सरकारच्या इच्छेविरुद्ध रद्द केला. कर नाकारता येतो याची खात्री होती, म्हणूनच तिथे एवढा जड कर शतकभर भरला गेला.