कोंबडी धुळीत का लोळते?

उन्हं वर आली की परड्यातली कोंबडी मातीत खड्डा उकरते, एका कुशीवर पडून पंखांनी धूळ उडवते. नवख्याला वाटतं, हिला फेफरं आलं! पण ही तिची अंघोळ. बारीक धूळ पिसांवरचं जास्तीचं तेल टिपते, उवांनाही बेजार करते. अंघोळ झाली की ती अंग झटकून पुन्हा दाणे टिपू लागते.

मग आजार ओळखायचा कसा? आजारी कोंबडी कोपऱ्यात मान आखडून, पिसं फुलवून बसते. फुललेल्या पिसांत हवा अडकते आणि गोधडीसारखी ऊब देते.

मधूनच पडणारी तपकिरी, चिकट, उग्र वासाची विष्ठा नेहमीचीच. त्यात रक्त दिसलं, तर मात्र रक्ती हगवणीची शंका घ्यावी. तिचे सूक्ष्म परजीवी आतड्याच्या पेशींत शिरून वाढतात आणि भिंत फोडून पळणाऱ्या भाडेकरूसारखे पेशी फोडून बाहेर पडतात. लहान पिल्लं त्यात पटकन दगावतात. विष्ठेतून पडलेली परजीवींची अंडी ओलाव्यात तयार होतात, म्हणून पावसाळ्यात खुराड्यातलं तूस कोरडं ठेवावं.

तुराही बघा. लाल तुरा फिका पडला, तर कोणीतरी रक्त पीत असेल. लाल माइट हा किडा दिवसा फटीत दडतो, रात्री बाहेर पडतो. अंधारात बॅटरी घेऊन कोंबड्या बसतात त्या दांडीखाली पाहा. लाल ठिपके हलताना दिसले, की चोर सापडला!