कुत्र्याचा विमा काढावा का?

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या शेजारी एक तरुण जोडपं राहतं. त्यांच्याकडे जिनी नावाची लॅब्रॅडॉर कुत्री आहे, वय वर्षं तीन. रविवारी आमरसाचा बेत झाला. कोयी खरकट्याच्या पातेल्यात तशाच राहिल्या आणि जिनीने संधी साधून त्यांतली एक अख्खी गिळली. दोन दिवस उलट्या, खाण्याकडे बघेना. एक्सरेत नीट कळलं नाही, सोनोग्राफीत दिसलं. कोय आतड्यात अडकली होती. डॉक्टर म्हणाले, आजच ऑपरेशन करावं लागेल.

मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात होतो. खर्चाचा आकडा ऐकल्यावर त्या मुलाने आधी बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. महिन्याची पंचविशी उलटलेली. क्षणभर कुणीच बोललं नाही. शेवटी क्रेडिट कार्ड पुढे झालं. जिनी वाचली. तपासण्या, ऑपरेशन, सलाईन, औषधं असं सगळं मिळून बिल झालं ३८ हजार रुपये. परत येताना तो गाडीत म्हणाला, "काका, तुम्ही जन्मभर विमा कंपनीत नोकरी केलीत. हिचा विमा काढला असता, तर उपयोग झाला असता का हो?"

मी त्याला तेव्हा उत्तर दिलं नाही. हो म्हटलं असतं तरी ते अर्धंच खरं झालं असतं आणि नाही म्हटलं असतं तरी तेच. ते राहिलेलं उत्तर आज देतो.

आमच्या नोकरीच्या काळात जनावरांचा विमा म्हणजे गाईम्हशींचा विमा. गावात जायचं, पशुवैद्यांनी जनावर तपासायचं, कानाला बिल्ला मारायचा आणि पॉलिसी द्यायची. जनावर दगावलं की पंचनामा आणि बिल्ल्यासकट दावा. बिल्ला नाही तर दावा नाही, हा आमचा पक्का नियम. हा विमा रास्तच आहे. दुभती म्हैस गेली, की त्या घराचं उत्पन्न जातं. मिळालेल्या पैशांतून शेतकरी दुसरी म्हैस घेतो आणि संसार पुढे चालतो.

सरकारी विमा कंपन्यांकडे कुत्र्याची पॉलिसीही फार वर्षांपासून होती. तिची घडण मात्र पुष्कळशी म्हशीच्या पॉलिसीसारखीच. अपघाताने किंवा आजाराने कुत्रं दगावलं, तर ठरलेली रक्कम मिळायची. मला तेव्हाही प्रश्न पडायचा, की घरातलं कुत्रं गेल्यावर त्या पैशांचं करायचं काय? म्हशीच्या जागी म्हैस येते. मोतीच्या जागी दुसरा मोती येत नाही. कुत्रं पाळणाऱ्याला मरणाची भरपाई नको असते, त्याला उपचाराचा खर्च पेलायला मदत हवी असते. म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा. कुत्र्याची पॉलिसी हातात आली, की ती मृत्यूची भरपाई देते की उपचाराचा खर्च देते, हे आधी पाहा. नाव दोन्हींचं विमाच असतं.

उपचाराचा खर्च देणारा विमा परदेशात जुना आहे. स्वीडनमध्ये १९२४ साली कुत्र्याची पहिली पॉलिसी दिली गेली. इंग्लंडमध्ये १९४७ साली सुरुवात झाली. अमेरिकेत १९८२ साली पहिली पॉलिसी निघाली ती चित्रवाणीवरच्या प्रसिद्ध 'लॅसी' या कुत्रीच्या नावाने. आपल्याकडे २०२० मध्ये बजाज आलियान्झने आजारपणाचा खर्च धरणारी कुत्र्यांची पॉलिसी आणली आणि मग इतर काही खासगी कंपन्याही या धंद्यात उतरल्या.

आज स्वीडनमधल्या बहुतेक पाळीव कुत्र्यांचा विमा असतो. याला महत्त्व आहे. विमा म्हणजे एक प्रकारची भिशीच. पुष्कळ निरोगी कुत्र्यांचे मालक पैसे भरतात आणि थोड्या आजारी कुत्र्यांचा खर्च त्यातून निघतो. भिशीत माणसं जास्त, तितका एकेकावरचा भार कमी. आपल्याकडे अजून विमा घेणारे थोडे. त्यातही ज्याचं कुत्रं सारखं आजारी पडतं, त्यालाच विम्याची आठवण अधिक येते. कंपनीलाही हे ठाऊक असतं. म्हणून ती अटी कडक ठेवते. अटी वाचून संताप येतो खरा, पण त्यामागचं कारण हे आहे.

आता त्या अटी बघू. पॉलिसी घेतल्यावर लगेच आजाराचा खर्च मिळत नाही, काही दिवस थांबावं लागतं. याला वेटिंग पिरियड म्हणतात. पॉलिसी घेण्याआधीपासून असलेला आजार सहसा धरत नाहीत. जो आजार लसीने टळतो, तो लस न दिल्यामुळे झाला, तर पैसे मिळत नाहीत. नेहमीचं लसीकरण, जंताचं औषध, केस कापणं, खाणं हे सगळं साधारणपणे बाहेर. प्रत्येक आजाराला किंवा ऑपरेशनला वेगळी मर्यादा असू शकते. मंजूर रकमेतला काही भाग मालकानेच भरायचा, अशीही अट असते. तिला को-पे म्हणतात.

एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी, कुठल्या एका कंपनीचे नाहीत. समजा बिल झालं ५० हजारांचं. त्यातले खाणं आणि इतर न बसणारे ८ हजार वजा झाले, उरले ४२ हजार. त्या ऑपरेशनची मर्यादा ३० हजार. त्यावर को-पे २० टक्के, म्हणजे ६ हजार तुमचे. हातात आले २४ हजार. पन्नासच्या बिलावर चोवीस! तेव्हा पॉलिसीवर मोठ्या अक्षरांत छापलेली रक्कम पाहून विमा घेऊ नका. विकणाऱ्यालाच विचारा, "५० हजारांचं बिल झालं, तर मला किती मिळतील? जरा मांडून दाखवा."

"मग विमा नकोच. तेवढे पैसे आपणच बाजूला टाकू," असं पुष्कळजण म्हणतात. हा विचार चांगला आहे. समजा वर्षाचा हप्ता ६ हजार रुपये आहे. तो न भरता दरमहा ५०० रुपयांचं रिकरिंग खातं कुत्र्याच्या नावाने चालवलं, तर दहा वर्षांत ६० हजार आणि वर व्याज जमतं. कुत्रं ठणठणीत राहिलं, तर पैसे आपलेच. अटी नाहीत, वेटिंग पिरियड नाही, कुणाच्या पाया पडणं नाही.

पण या हिशेबात एक भोक आहे. जिनीने कोय गिळली ती तिसऱ्या वर्षी. तोवर त्या खात्यात फार तर १८ हजार जमले असते. आणि पिल्लू घरी आल्यावर आठव्या महिन्यात मोटारसायकलखाली सापडलं, तर खात्यात ४ हजारच असतात. डबा भरायला वेळ लागतो. संकट डबा भरायची वाट पाहत नाही.

विम्याचं याच्या उलट आहे. वेटिंग पिरियड संपला, की पहिल्या वर्षीही पूर्ण रकमेचं संरक्षण असतं. कुत्रं लहान असताना हप्ता कमी, जुना आजार नाही, कंपनीला नकार द्यायला कारण नाही. पुढे वय वाढतं, तशी गाडी उलट्या दिशेने जाते. हप्ता वाढू शकतो, जडलेले आजार नव्या पॉलिसीत धरले जात नाहीत आणि कित्येक पॉलिसी ठरावीक वयानंतर नव्याने मिळत नाहीत किंवा पुढे चालत नाहीत. ग्रेट डेनसारखी थोराड कुत्री लवकर म्हातारी होतात, त्यांच्यासाठी हे दार आणखी लवकर बंद होऊ शकतं. आणि नेमकं म्हातारपणीच मूत्रपिंड, हृदय, सांधे, गाठी ही दुखणी डोकं वर काढतात.

मला जे सांगायचं आहे, ते इथे आहे. विमा की बचत, असा हा झगडा नाही. दोघांच्या पाळ्या वेगळ्या आहेत. कुत्रं लहान असताना डबा रिकामा असतो, तेव्हा विमा कामाला येतो. कुत्रं म्हातारं झाल्यावर विमा हात आखडता घेतो, तेव्हा भरलेला डबा कामाला येतो. म्हणून परवडत असेल, तर सुरुवातीची वर्षं विमा घ्या आणि त्याच महिन्यापासून छोटं रिकरिंगही उघडा. पाच-सहा वर्षांनी जमलेली रक्कम बघा आणि विमा चालू ठेवायचा की थांबवायचा, हे तेव्हा ठरवा. थांबवण्याआधी एवढं मात्र पाहा, की मध्ये एखादा आजार जडला असेल, तर आजची पॉलिसी तो धरते, पण नवी धरणार नाही.

दोन्ही परवडत नसेल तर? तर आपल्या घरात काय आहे ते पाहा. जर्मन शेफर्ड किंवा लॅब्रॅडॉर असेल, तर कमरेच्या सांध्याचं दुखणं त्यांच्यात वंशपरंपरेने येऊ शकतं. अशा दुखण्याला पॉलिसीत जागा आहे का, हे विचारूनच विमा घ्या. नसबंदी आणि लसीकरण झालेलं, घरात वावरणारं गावठी कुत्रं असेल आणि अडीअडचणीला ४०-५० हजार उभे करता येत असतील, तर बचतीवर भागू शकतं. पण तेवढी रक्कम एका दिवसात उभी करणं अशक्य असेल, तर विम्याचा विचार आधी तुम्हीच करायला हवा. विम्यातून पैसे सुटले की बुडाले, हा हिशेब मनातून काढून टाका. ज्या बिलापुढे तुम्हाला कुत्र्याच्या जिवाचा सौदा करावा लागेल, त्या बिलासाठी विमा असतो. दोन-चारशे रुपयांच्या इंजेक्शनसाठी नसतो.

आणखी एक बाजू आहे. कुत्रं शेजाऱ्याच्या मुलाला चावलं तर? भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे, आपल्या प्राण्यापासून इतरांना इजा होऊ नये याची काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. या शिक्षेचा विमा निघत नाही. पण जखमी माणसाला द्यावी लागणारी नुकसानभरपाई काही पॉलिसींत धरलेली असते. दाट वस्तीच्या सोसायटीत राहणाऱ्याने ही सोय आहे का, ते जरूर विचारावं. काही आक्रमक जाती यातून वगळलेल्या असतात, तेही पाहावं.

विमा घेतलात, तर कागद सांभाळा. लसीकरणाचं कार्ड, महापालिकेचा परवाना, कुत्र्याचे फोटो, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, प्रत्येक बिल एका फायलीत ठेवा. गाईच्या कानातला बिल्ला जे काम करायचा, तेच आता कातडीखाली बसवलेली मायक्रोचिप करते. आजारी पडलं ते हेच कुत्रं, हे तिच्यामुळे सिद्ध होतं. अर्जात वय आणि जुने आजार खरे लिहा. माझ्या नोकरीत नाकारलेले दावे मी पुष्कळ पाहिले. त्यांतल्या बऱ्याच दाव्यांचं भांडण अर्ज भरतानाच पेरलेलं असायचं.

दावा अन्यायाने नाकारला, तर आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. त्याची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. मात्र कंपनीचा नकार आल्यापासून वर्षाच्या आत तक्रार करावी लागते.

शेवटी, सर्वांत स्वस्त विमा कुठल्याच कंपनीकडे मिळत नाही. रेबीज, पार्व्हो आणि डिस्टेंपरच्या लसी वेळेवर द्या. पावसाळ्यात रोज अंगावर हात फिरवून गोचिडी बघा, कारण गोचीडतापाने आपल्याकडे चांगली धडधाकट कुत्री हातची जातात. मादीची नसबंदी वेळीच केली, तर पुढे गर्भाशयात पू होऊन होणारं जिवावरचं दुखणं टळतं. खर्च झेपत नसेल, तर लाजू नका. मुंबईत परळला बैलघोडा हॉस्पिटल आहे, पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने आहेत, गावोगावी सरकारी पशुदवाखाने आहेत. तिथे कमी खर्चात उपचार होतात.

शेजारच्या मुलाला मी हे सगळं सांगितलं. त्याने जिनीची पॉलिसी घेतली आणि ५०० रुपयांचं रिकरिंगही उघडलं. त्या कोयीच्या ऑपरेशनची नोंद अर्जात प्रामाणिकपणे केली. मी म्हटलं, "बरं केलंस. आता फक्त एक राहिलं. यंदा आमरस झाला, की कोयी आधी कचऱ्याच्या डब्यात आणि डब्याला घट्ट झाकण." तो हसला. पण परवा त्याच्या स्वयंपाकघरात डोकावलो, तर झाकणाचा नवा डबा ओट्यावर, जिनीचं तोंड पोहोचणार नाही इतका आत ठेवलेला होता.