दिसला नाही म्हणजे नव्हता? स्टेल्थ गेम, बिबट्या आणि डेटातलं शून्य

स्टेल्थ गेम खेळणाऱ्यांना ‘घोस्ट रन’ म्हणजे काय ते सांगायला नको. न खेळणाऱ्यांसाठी सांगते: अख्खी लेव्हल पार करायची, पण एकाही पहारेकऱ्याला पत्ता लागू द्यायचा नाही. मारामारी नाही, अलार्म नाही, मागे काही खूण नाही. शेवटी स्क्रीनवर हिशेब येतो आणि त्यात ‘दिसलात: ० वेळा’ अशी ओळ असते.

आजचा लेख या शून्याबद्दल आहे. असंच एक शून्य तुमच्या पहिल्या फील्डवर्कच्या एक्सेल शीटमध्येही येणार आहे. दोन्ही शून्यं दिसायला सारखीच, अर्थ मात्र वेगळा. तो फरक ज्याला कळला, त्याला प्रपोजलच्या मुलाखतीत ‘सॅम्पलिंग एवढंच का?’ या प्रश्नाची भीती वाटणार नाही.

पहारेकऱ्याला नेमकं काय दिसतं?

१९८७ च्या ‘मेटल गिअर’मध्ये पहारेकऱ्याची नजर साधी होती. तो ज्या दिशेला तोंड करून उभा, त्या सरळ रेषेत तुम्ही आलात की सापडलात. १९९८ साली ‘मेटल गिअर सॉलिड’ आला. त्यात कोपऱ्यातल्या रडारवर प्रत्येक पहारेकऱ्यापुढे नजरेचा त्रिकोणी पट्टा दिसायचा. त्याच वर्षी आलेल्या ‘थीफ’मध्ये प्रकाश आणि आवाज हिशेबात आले. सावलीत उभे असाल तर कमी दिसणार; गालिच्यावरून चाललात तर पाऊल वाजणार नाही, लोखंडी जाळीवरून चाललात तर वाजणार. शिवाय पहारेकरी एकदम ओरडत नाही. आधी थबकतो, मग संशय घेतो, मग शोधायला निघतो.

म्हणजे ‘सापडणं’ ही घटना तीन गोष्टींवर ठरते:

१. नजरेचा पट्टा. पहारेकरी कुठे पाहू शकतो आणि कुठे नाही.
२. परिस्थिती. अंधार, आवाज, अंतर, तुमचा वेग.
३. उंबरठा. किती संशय आल्यावर तो ‘कोणीतरी आहे’ असं ठरवतो.

आता मुद्द्याची गोष्ट. तुम्ही कुठे लपलाय हे गेमच्या प्रोग्रॅमला प्रत्येक क्षणी पक्कं माहीत असतं. पहारेकऱ्याला ते मुद्दाम सांगितलेलं नसतं, एवढंच. म्हणून शेवटच्या स्क्रीनवरचं शून्य खरं असतं. तिथे हिशेब पहारेकरी ठेवत नाही, सगळं पाहणारा प्रोग्रॅम ठेवतो.

निसर्गात असा प्रोग्रॅम आपल्या हातात नसतो. संशोधनात आपल्याला वाटतं की आपण खेळाडू आहोत. खरं तर आपण पहारेकरी असतो.

कांजूरमार्गची लेव्हल

कांजूरमार्गचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. मधोमध मध्य रेल्वेचे रूळ. पश्चिमेला एलबीएस रोड, पवईच्या टेकड्या, आयआयटीचं आवार, तलाव आणि त्यामागे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. पूर्वेला वस्ती, पूर्व द्रुतगती मार्ग, मग मिठागरं, खारफुटी आणि ठाण्याची खाडी. पश्चिमेच्या जंगलात बिबटे आहेत, खाडीकाठच्या खारफुटीत कोल्हे आहेत. रोज लोकलने इथून जाणाऱ्या बहुतेकांनी यातलं काहीच पाहिलेलं नसतं. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या त्या उद्यानात आणि लगतच्या भागात निकित सुर्वे यांनी एमएस्सीच्या अभ्यासासाठी कॅमेरे लावले. २०१५ मध्ये आलेला त्याचा निष्कर्ष होता ३५ बिबटे. मुंबईच्या मधोमध ३५ खेळाडू, आणि रोज रात्री नवी लेव्हल.

त्यांना टिपायला लावलेला कॅमेरा ट्रॅप हा आपला पहारेकरी. त्यातला पॅसिव्ह इन्फ्रारेड सेन्सर प्राणी ओळखत नाही. समोरच्या पट्ट्यात आजूबाजूपेक्षा वेगळ्या तापमानाचं काही हललं की तो कॅमेऱ्याला इशारा देतो. वरच्या तिन्ही गोष्टी इथे जशाच्या तशा लागू होतात:

– पट्टा: कॅमेऱ्यामागून गेलेला प्राणी अस्तित्वातच नव्हता, असं कॅमेरा म्हणणार. समोरून आडवं जाणारं जनावर सेन्सरला लवकर कळतं, थेट त्याच्या रोखाने चालत येणारं उशिरा.
– परिस्थिती: तापलेल्या दिवशी भोवतालचं तापमान प्राण्याच्या अंगाच्या जवळ पोचलं की फरकच उरत नाही आणि सेन्सर चुकतो.
– उंबरठा: संवेदनशीलता वाढवली तर वाऱ्याने हललेल्या फांदीचेही हजार फोटो येतात. कमी केली तर खरा प्राणी निसटतो.

तिसरा मुद्दा वहीत लिहून ठेवा. खोटा अलार्म कमी करायला गेलात की निसटणारे वाढतात, निसटणारे कमी करायला गेलात की खोटे अलार्म वाढतात. पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारची चूक म्हणून नेट-सेटसाठी जे पाठ करता, ते हेच.

शून्याचं गणित

समजा, खारफुटीत एका जागी कोल्हा खरोखर वावरतो. तिथे लावलेला कॅमेरा एका रात्रीत त्याला टिपेल याची शक्यता ०.१ आहे, म्हणजे दहा रात्रींत सरासरी एकदा. (हे आणि पुढच्या भागातले आकडे समजावण्यापुरते घेतलेत.) मग एका रात्री तो निसटण्याची शक्यता ०.९. सलग पाच रात्री निसटण्याची शक्यता ०.९ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ०.५९.

पुन्हा वाचा. कोल्हा तिथे आहे, कॅमेरा पाच रात्री चालू आहे, तरी ५९ टक्के वेळा तुमच्या शीटमध्ये शून्यच येणार. दहा रात्री ठेवलात तर ३५ टक्के, वीस रात्री ठेवलात तर १२ टक्के. ही शक्यता पाच टक्क्यांखाली आणायला २९ रात्री लागतात.

आता उलटा प्रश्न, जो खरं तर आपल्याला पडलेला असतो: दहा रिकाम्या रात्रींनंतर तिथे कोल्हा असण्याची शक्यता किती? सुरुवातीला ‘असेल-नसेल’ निम्मं-निम्मं धरलं, तर बेजच्या नियमाने उत्तर येतं सुमारे २६ टक्के. शून्याने आपल्याला काहीच सांगितलं नाही असं नाही. त्याने शक्यता ५० वरून २६ वर आणली. पण २६ म्हणजे शून्य नव्हे.

आठ जागी दिसला, मग किती जागी आहे?

इथे तुम्ही विचाराल: ती ०.१ कुठून आणायची? प्रोग्रॅम तर आपल्याकडे नाही.

युक्ती अशी की एकाच जागी पुन्हा पुन्हा पाहायचं. समजा २० जागा, प्रत्येकी पाच रात्री. एका जागेची नोंद आली ०-१-०-०-१. या काळात प्राणी ती जागा सोडून गेला नाही असं धरलं, तर या ओळीतली तीन शून्यं ‘नव्हता’ची नाहीत, ‘निसटला’ची आहेत. आपल्या नजरेचा कमकुवतपणा मोजायचं साधन हेच.

समजा २० पैकी ८ जागी कोल्हा किमान एकदा टिपला गेला आणि त्या ८ जागांच्या ४० रात्रींत एकूण १२ नोंदी झाल्या. घाईने कोणी म्हणेल, १२ भागिले ४०, शक्यता ०.३. इथे खाच आहे. ज्या जागी तो पाचही रात्री निसटला, त्या जागा या हिशेबात आल्याच नाहीत, म्हणून ०.३ हा आकडा फुगलेला आहे. ती गाळणी लक्षात घेऊन सोडवलं तर शक्यता येते सुमारे ०.२. पाच रात्रींत किमान एकदा टिपण्याची शक्यता मग १ वजा ०.८ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ०.६७. आठला ०.६७ ने भागा. उत्तर जवळपास १२.

आठ जागी दिसला, पण असावा बारा जागी. ४० टक्के नाही, ६० टक्के. चार जागा घोस्ट रन करून गेल्या.

मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ही कल्पना व्यवस्थित संख्याशास्त्रीय चौकटीत मांडली. तिला ऑक्युपन्सी मॉडेल म्हणतात. बिबट्या किंवा वाघ असेल तर आणखी पुढे जाता येतं, कारण प्रत्येकाच्या अंगावरचे ठिपके किंवा पट्टे वेगळे असतात. (डाव्या आणि उजव्या कुशीची नक्षीही वेगळी असते, म्हणून कॅमेरे समोरासमोर जोडीने लावतात.) पहिल्या फेरीत २० बिबटे ओळखले, दुसऱ्या फेरीत २०, त्यातले १० आधीचेच निघाले. याचा अर्थ पहिल्या फेरीने साधारण निम्मेच टिपले होते, म्हणून एकूण सुमारे ४०. प्रत्यक्ष पाहिले ३०, उरलेले १० फक्त गणिताला दिसले. या कॅप्चर-रिकॅप्चर पद्धतीने कॅमेऱ्यातून वाघ मोजण्याचं काम उल्हास कारंत यांनी नागरहोळेत केलं आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध केलं.

ऊस, आजोबा आणि रिकामा नकाशा

हे गणित कागदावरच राहत नाही. नगर जिल्ह्यातल्या अकोले परिसरात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी शेती-वस्तीच्या पट्ट्यात कॅमेरे लावले. तिथे दर चौरस किलोमीटरला ३०० हून जास्त माणसं राहतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज असा: दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि जवळपास तेवढीच तरसं. ज्या नकाशावर आपण ‘वन्यप्राणी नाहीत’ असं गृहीत धरून रंग भरला असता, तिथे हा आकडा.

आणखी बोलकं उदाहरण ‘आजोबा’चं. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेल्या या बिबट्याला बाहेर काढून जीपीएस कॉलर लावली आणि माळशेज घाटात सोडलं. तो साधारण महिनाभरात सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. वाटेत महामार्ग होता, कसाऱ्याची रेल्वे होती, वस्त्या होत्या. कॉलर म्हणजे आपल्याला काही काळ मिळालेला प्रोग्रॅमचा नकाशा. ती नसती, तर फार तर कुठेतरी एखादी ओझरती ‘बिबट्या दिसला’ अशी बातमी आली असती. तो एकाच प्राण्याचा १२० किलोमीटरचा प्रवास आहे हे कोणाला कळलं नसतं. २०११ मध्ये एका वाहनाच्या धडकेत तो मेला. ओळख पटली ती अंगातल्या चिपमुळे.

आजोबाचा शेवट रस्त्यावर झाला हे विसरू नका. रस्ता, रेल्वेमार्ग किंवा कारशेड आखताना पर्यावरण अहवालात ‘पाहणीत अमुक प्राणी आढळला नाही’ असं वाक्य येतं. त्यावर पहिला प्रश्न हवा: किती रात्री, किती जागी, आणि टिपण्याची शक्यता किती? हे तीन आकडे नसतील तर ते वाक्य प्राण्याबद्दल काही सांगत नाही. पाहणी किती केली, एवढंच सांगतं.

उलट बाजूही तेवढीच खरी. आज सोसायटीच्या सीसीटीव्हीत बिबट्या दिसल्याच्या क्लिप फिरतात आणि लगेच ‘बिबटे वाढले’ असं म्हटलं जातं. वाढलेही असतील. पण बिबटे तेवढेच राहून कॅमेरे वाढले तरी क्लिप वाढणारच. लेव्हल तीच, पहारेकरी जास्त. दिसण्याचा आकडा म्हणजे ‘किती आहेत’ गुणिले ‘किती टिपले जातात’. दुसरा भाग मोजल्याशिवाय पहिला सुटत नाही.

प्रपोजल लिहिताना

तुमचा विषय वन्यजीव नसेल तरी हे लागू आहे. सांडपाण्यात विषाणू शोधताय, मातीत जिवाणू, आकाशात अंधुक तारे, रुग्णांत एखादं लक्षण, सगळीकडे तुम्ही पहारेकरीच. चार गोष्टी तपासा:

– एकाच जागी पुन्हा पाहताय का? शंभर जागी एकेकदा पाहून नजरेची ताकद मोजता येत नाही.
– नोंदी स्वतंत्र आहेत का? एकाच रात्री एकाच कोल्ह्याचे वीस फोटो म्हणजे वीस नोंदी नव्हेत.
– सगळीकडे नजर सारखी आहे का? पायवाटेवरचा कॅमेरा आणि झुडपातला कॅमेरा यांची शक्यता एक धरू नका.
– खेळाडू बदलतोय का? नोंदी घटल्या म्हणजे प्राणी घटले असंच नाही. ते जास्त सावध झाले असतील.

आणि लिहिताना एक शब्द जपा. ‘प्राणी नाही’ असं लिहू नका. ‘इतक्या प्रयत्नांत आढळला नाही’ असं लिहा आणि ‘इतक्या’च्या जागी आकडा घाला.

जाता जाता एक गणित. रात्रीची टिपण्याची शक्यता ०.२ असेल, तर प्राणी असूनही निसटण्याची शक्यता पाच टक्क्यांखाली आणायला किती रात्री कॅमेरा ठेवावा लागेल? ०.८ ला ०.८ ने गुणत जा आणि मोजा. चौदा आलं तर बरोबर. तेरावर थांबलात तर शक्यता साडेपाच टक्के उरते.