मास्तरांचा पगार आणि मुलांची कॉलेजची तयारी

सरकारी नोकराच्या पगाराचा विषय निघाला की गावात दोन तट पडतात. एक म्हणतो, करदात्याचा पैसा पगारातच आटतो, मग शाळेला खडू कुठून येणार? दुसरा म्हणतो, पगार वाढवा, शाळा आपोआप सुधारेल. आम्ही कामगार संघटनेत काम करणारे, तेव्हा आमचे वजन कोणत्या पारड्यात पडणार हे सांगावयास नको. तरीही दोन्ही म्हणणी अपुरी आहेत असे आमचे स्पष्ट मत आहे. बारावी होऊन कॉलेजच्या बाकावर बसलेला मुलगा तेथे टिकतो की नाही, याचा त्याला शिकविणाऱ्याच्या पगाराशी नेमका संबंध काय, हे लातूर जिल्ह्याच्या उदाहरणावरून पाहू. लातूर घेण्याचे कारण असे की, या दोन्ही गोष्टींची तेथे जितकी चर्चा झाली तितकी महाराष्ट्रात क्वचितच दुसरीकडे झाली असेल.

आधी ‘तयारी’ म्हणजे काय ते ठरवू. टक्के म्हणजे तयारी नव्हे. पान दीड पानाचा मजकूर स्वतः वाचून त्यातला मुद्दा काढता येणे, शेकडेवारी आणि अपूर्णांक न अडखळता मांडता येणे, आणि समजले नाही तर उभे राहून विचारता येणे, एवढे ज्याला येते तो कॉलेजला तयार झाला. ही मागणी काही फार मोठी नाही. पण 2023 सालच्या ‘असर’ पाहणीत देशातील 28 ग्रामीण जिल्ह्यांतील 14 ते 18 वयाची मुले तपासली, तेव्हा सुमारे चौथ्या हिश्श्याला आपल्याच भाषेतील दुसरीच्या पुस्तकातला उतारा सलग वाचता आला नाही, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे गणित निम्म्याहून अधिकांना जमले नाही. ही मुले शाळेबाहेरची नव्हेत; शंभरातल्या शहाऐंशीहून अधिक मुलांची नावे शाळा-कॉलेजच्या पटावर होती.

त्यात आपल्याकडे अकरावीचा उंबरठा विशेष उंच आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलगी विज्ञान शाखेत जाते आणि जूनपासून सगळे इंग्रजीत सुरू होते. ‘त्वरण’ तिला येत असते, उदाहरणेही सोडविता येत असतात. पण फळ्यावर ‘ॲक्सिलरेशन’ आले की आपल्याला काहीच येत नाही असे तिला वाटू लागते. तिला विषय नव्याने शिकवायचा नसतो, जुन्या ओळखीच्या गोष्टीचे नवे नाव सांगायचे असते. हे काम पुस्तक करीत नाही, शिक्षक करतो. आणि तोही आठवी-नववीत या मुलांना काय शिकविले जाते हे जाणणारा, वर्षानुवर्षे एकाच भागात राहिलेला शिक्षक. सेमी-इंग्रजीच्या वर्गांनी हा उंबरठा थोडा घासला आहे, मोडलेला नाही.

आता लातूर पॅटर्न. गेल्या शतकाच्या शेवटच्या काळात बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरच्या मुलांची नावे ओळीने झळकू लागली आणि पुण्या-मुंबईचे लोक नकाशात लातूर शोधू लागले. प्राचार्य जनार्दन वाघमारे आणि प्राचार्य अनिरुद्ध जाधव यांची नावे या प्रयोगाशी जोडली गेली. 1970 साली स्थापन झालेले राजर्षी शाहू महाविद्यालय हे त्याचे मुख्य घर, आणि 1961 चे दयानंद महाविद्यालयही त्याच नगरातले. त्यात जादू काही नव्हती. अभ्यासक्रम लवकर संपवावयाचा, मग सराव परीक्षा घ्यावयाच्या. तपासलेल्या उत्तरपत्रिका मुलांपुढे ठेवून चूक कुठे झाली ते दाखवावयाचे, सुट्टीतही तास घ्यावयाचे, बाहेरगावचे नामांकित प्राध्यापक बोलावून आणावयाचे. या सगळ्याला एकच भांडवल लागते: माणसाचा वेळ. ज्यांनी तो दिला त्यांत अनुदानित महाविद्यालयांतले, सरकारी तिजोरीतून नियमित वेतन घेणारे अध्यापक होते. पहिल्या तारखेला किराणा कसा भरावा याची चिंता ज्याला नव्हती, तो संध्याकाळी सात वाजता उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन बसू शकला. पॅटर्नचे कौतुक करणारे ही बाजू सहसा सांगत नाहीत.

पुढे त्याच नगरात खासगी शिकवण्यांची पेठ उभी राहिली. आज लातुरात ‘ट्यूशन एरिया’ म्हटले की रिक्षावाला पत्ता विचारीत नाही. जिल्ह्या-जिल्ह्यांतून मुले येतात, खोल्या भाड्याने घेतात, खानावळीत जेवतात, आणि नीटची, जेईईची तयारी करतात. नाव कॉलेजच्या पटावर, मूल शिकवणीच्या बाकावर, अशी ही वाटणी आहे.

ही वाटणी का झाली? प्रवेश परीक्षांचा बदललेला तोंडवळा हे एक कारण खरेच. पण दुसरे कारण पगारपत्रकात सापडते, आणि ते नीट उलगडून सांगितले पाहिजे. कारण ‘शिक्षकाला लाखभर पगार’ एवढेच लोकांच्या कानावर असते. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे माध्यमिक शाळेतील प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाचे मूळ वेतन 38,600 रुपयांपासून सुरू होते, प्राथमिक शिक्षकाचे 29,200 पासून; वर महागाई भत्ता. ही झाली वरची पायरी. तिच्याखाली शिक्षण सेवक. 2000 साली आलेल्या या योजनेत पहिली तीन वर्षे वेतन नाही, मानधन. 2023 पर्यंत माध्यमिक शिक्षण सेवकाला महिना 8,000 रुपये मिळत. त्या वर्षी ते 18,000 झाले, प्राथमिकचे 6,000 चे 16,000 आणि उच्च माध्यमिकचे 9,000 चे 20,000. काम तेच, फळा तोच, पट तेवढाच. त्याच्याही खाली विनाअनुदानित शाळा. पुढेही अनुदान मागणार नाही या अटीवर ‘कायम विनाअनुदानित’ म्हणून शाळांना परवानगी दिली गेली. ‘कायम’ हा शब्द 2009 साली काढला, 2016 साली वीस टक्क्यांपासून अनुदानाचे टप्पे सुरू झाले. मधल्या वर्षांत कित्येक शिक्षकांनी सकाळी गणित शिकविले आणि दुपारी दुसऱ्याच्या शेतात किंवा दुकानात काम केले. अगदी तळाला तासिका तत्त्वावरचा अध्यापक. घेतलेल्या तासाचे पैसे, न घेतलेल्याचे नाहीत. तास संपल्यावर व्हरांड्यात मुलीने शंका विचारली तर ती बिलात बसत नाही. तो थांबून सांगतोही. पण त्याला पुढच्या कॉलेजची एस.टी. गाठावयाची असते.

आमचे शालेय शिक्षण थोडे. पुढचे संघटनेच्या कचेरीत सरकारी निर्णय वाचता वाचता झाले. त्या वाचनात एक निर्णय आम्हांला सर्वांत बोलका वाटला, तो 11 डिसेंबर 2020 चा. अनुदानित शाळांतील शिपाई वर्गाची पदे रिकामी होतील तसतशी पुन्हा न भरता त्याऐवजी शाळेला ठोक भत्ता द्यावयाचा, ग्रामीण भागात महिना 5,000 रुपये. या पदांत प्रयोगशाळा परिचरही आला. वरवर पाहता शिपायाचा प्रश्न. पण परिचर नसला की आम्ल-अल्कलीच्या बाटल्या कपाटात राहतात, प्रयोगवही घरी बसून उतरविली जाते, आणि बारावी विज्ञान झालेला मुलगा कॉलेजात पहिल्यांदा ब्युरेट हातात धरतो. शिक्षकांच्या संघटनांनी या माणसासाठी जितका आवाज उठवावयास हवा होता तितका उठविला नाही.

पगार वाढविला की शिक्षण सुधारते, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. त्याविरुद्ध पुरावा आहे, आणि तो लपविण्यात शहाणपण नाही. इंडोनेशियाने 2005 च्या कायद्यान्वये प्रमाणित शिक्षकांना मूळ वेतनाइतकाच भत्ता, म्हणजे जवळजवळ दुप्पट पगार देऊ केला. कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास करून 2018 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले: शिक्षक अधिक समाधानी झाले, जोडधंदे कमी झाले, पण दोन-तीन वर्षांनंतरही मुलांच्या शिकण्यात फरक दिसला नाही. आमच्या काही सहकाऱ्यांना हा अभ्यास आवडत नाही. आम्हांला तो उपयोगी वाटतो. जो आधीच वर्गात आहे त्याचा पगार वाढविल्याने त्याची शिकविण्याची पद्धत बदलत नाही, एवढे तो सांगतो. रिकाम्या वर्गात माणूस आणण्याचा, किंवा आलेला माणूस टिकविण्याचा प्रश्न त्याने सुटत नाही, आणि त्यामुळे मिटतही नाही. वरच्या पायरीवर भर घालणे आणि खालच्या तीन पायऱ्या काढून टाकणे ही दोन वेगळी कामे आहेत. कॉलेजच्या तयारीसाठी निकड दुसऱ्याची आहे.

तिजोरीचे काय, हा प्रश्न रास्त आहे. पण पद रिकामे ठेवून सरकारने वाचविलेला रुपया नाहीसा होत नाही. तो शिकवणीची फी, खोलीभाडे आणि खानावळ या रूपाने बापाच्या खिशातून जातो. ज्या बापाला अर्धा एकर विकता येतो त्याचे मूल तयार होते. शेतमजुराचे मूल गावच्या कॉलेजात तासिकेवरच्या अध्यापकाची वाट पाहते.

14 ते 20 मार्च 2023 या दिवसांत जुन्या पेन्शनसाठी संप झाला तेव्हा दहावी-बारावीच्या परीक्षा चालू होत्या, आणि पालक चिडले. 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, ही तक्रार खरी. पालकांचा राग हाही खरा. त्या सात दिवसांवर बोललेल्या माणसांनी आपल्या शाळेतील गणिताचे पद किती वर्षे रिकामे आहे, हेही विचारावे अशी आमची इच्छा आहे. विचारणे अवघड नाही. पटावरील विद्यार्थ्यांच्या संख्येवरून दरवर्षी संचमान्यता होते. तीत मंजूर पदे किती हे लिहिलेले असते. त्यांपैकी भरलेली किती, भरलेल्यांत मानधनावर आणि तासिकेवर किती, आणि प्रयोगशाळेला परिचर आहे का, हे मुख्याध्यापकांना विचारता येते. आठवीपर्यंतच्या अनुदानित शाळेत व्यवस्थापन समितीचे तीन चतुर्थांश सभासद पालकच असतात, त्यांना तर बैठकीतच विचारता येते. तेथे उत्तर मिळाले नाही तर माहितीच्या अधिकाराच्या 2005 च्या कायद्याखाली अर्ज करावा. फी 10 रुपये आहे, आणि उत्तराची मुदत 30 दिवसांची.