जमणारे काम आणि लागणारा जीव

आमच्या शाखेत कॅश काउंटरवर एक सहकारी होता. नोटा मोजताना त्याचे हात थरथरत. संध्याकाळी कॅश जुळेपर्यंत घशाखाली पाणी उतरत नसे. सारे त्याला कामचुकार म्हणत. आम्हीही म्हणत होतो. २०१४ साली जनधन खात्यांची धांदल उडाली, माणसे कमी पडली, म्हणून त्याला फॉर्म भरून देण्याच्या टेबलावर बसवले. अंगठा उठवणाऱ्या आजीबाईंना खाते म्हणजे काय हे समजावता समजावता तो घड्याळ पाहायचे विसरला. माणूस तोच, पगारही तोच!

काम आपल्या स्वभावाला धरून आहे असे वाटले, की माणूस त्यात जीव ओततो. नाही वाटले तर अंग चोरतो. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या ग्रंथात हेच मांडले. जन्माने माथी मारलेल्या धंद्याचा माणसाला तिटकारा येतो, तो काम टाळू पाहतो, आणि त्यामुळे जातिव्यवस्था आर्थिकदृष्ट्याही घातक ठरते, असा त्यांचा युक्तिवाद होता.

तेव्हा 'तुला हेच शोभते' असे दुसऱ्याने ठरवणे ही योग्यता नव्हे, मग तो साहेब का असेना. विद्यार्थी मित्रांनो, मिळेल ती नोकरी जरूर धरा. घर चालले पाहिजे, आम्हीही तशीच धरली. पण आत गेल्यावर दुसऱ्या टेबलाचे काम मागून पाहा. आमचा तो सहकारी सहा वर्षे गप्प बसला होता, आणि आम्हीही त्याला कधी विचारले नव्हते.