फोटोंना सिलसिलेवार नंबर : कापड दुकानदारांच्या उपयोगाची गोष्ट

कापडाच्या धंद्यात पूर्वी माल आधी हाताने पाहिला जात असे. तागा उलगडायचा, पोत चुरगाळून बघायचा, दारात उन्हाला नेऊन रंग पारखायचा आणि मग भावाची बोली. आता शिरूर तालुक्यातील निमोण्यासारख्या गावचा दुकानदारही सुरत, मालेगाव किंवा इचलकरंजीचा माल प्रथम मोबाईलवरच पाहतो. लग्नसराईत तर दिवसाला पन्नास-शंभर फोटो येऊन पडतात. शिवाय स्वतःच्या दुकानातील मालाचे काढलेले फोटो, बिलांचे फोटो, ट्रान्सपोर्टच्या पावतीचे फोटो वेगळेच. गठ्ठ्यावर गठ्ठा रचत जावा आणि एकावरही चिठ्ठी नसावी, अशी गत होते.

आपल्या गोदामात कोणी बिननंबरी गाठ ठेवत नाही. गाठीवर नंबर असतो, लॉटवर नंबर असतो, बिलबुकाच्या प्रत्येक पानावर छापील नंबर असतो. वस्तू व सेवा कराच्या नियम ४६ मध्येही हेच सांगितले आहे. बिलाचा क्रमांक सलग असावा, सोळा अक्षरांपेक्षा मोठा नसावा आणि एका आर्थिक वर्षात तो पुन्हा येऊ नये. हा नियम २०१७ सालचा असला तरी त्यामागची अक्कल जुनीच आहे. उर्दू शाळेत आमचे मास्तर याला ‘तरतीब’ म्हणत. मग जी शिस्त बिलाला आहे ती फोटोला का नसावी?

फोटोला नाव नसते असे नाही. कॅमेरा स्वतःच नाव देतो, पण ते त्याच्या सोयीचे असते. १९९८ साली जपानमध्ये डिजिटल कॅमेऱ्यांसाठी ‘डीसीएफ’ नावाचा नियम तयार झाला. त्याप्रमाणे फोटोच्या नावात आठ जागा असतात. पहिल्या चार जागी कंपनीची अक्षरे, जसे ‘आयएमजी’ किंवा ‘डीएससी’ आणि एक आडवी रेघ, आणि पुढच्या चार जागी ०००१ ते ९९९९ पर्यंतचा आकडा. ९९९९ झाले की गाडी पुन्हा ०००१ वर. त्यामुळे बरेच फोटो काढणाऱ्याकडे आज ना उद्या एकाच नावाचे दोन फोटो होणारच. दोन वेगळ्या कॅमेऱ्यांत तर पहिल्या दिवसापासून होतात. दोन्ही एका फोल्डरमध्ये टाकताना संगणक विचारतो, ‘जुन्याच्या जागी नवा ठेवू का?’ घाईत असलेला पोऱ्या ‘हो’ दाबतो आणि एक फोटो कायमचा जातो.

रोलच्या काळात हा घोळ नव्हता. फिल्मच्या काठावरच आकडे छापलेले असत, पाकिटावर गिऱ्हाईकाचे नाव व तारीख लिहिली जाई, आणि नेगटिव्हचा नंबर सांगितला की स्टुडिओवाला चार वर्षांनीही प्रत काढून देई. फोटो फुकट झाले आणि ती वही गेली.

नंबर नसल्याने काय होते याचा एक मासला देतो. गेल्या लग्नसराईत आमच्याच भागातील एका घरचा बस्ता होता. आहेराच्या साठ साड्या मोबाईलवरच ठरल्या. बाहेरगावच्या एका घाऊक व्यापाऱ्याने वीस-बावीस फोटो पाठवले, खाली ना डिझाईन नंबर ना काही. नवऱ्या मुलीच्या आईने पसंती सांगितली, ‘वरून चौथी’. गावात रेंज अशी की फोटो पोहोचले ते आगेमागे. त्यांच्या मोबाईलवर चौथी होती ती मोरपंखी, व्यापाऱ्याच्या मोबाईलवर चौथी होती ती गडद हिरवी. गाठ सोडली तेव्हा हळदीला चार दिवस राहिले होते. माल परत घ्यायला व्यापारी तयार नव्हता आणि त्याचेही अगदी खोटे नव्हते, कारण त्याच्या दृष्टीने त्याने चौथीच पाठवली होती. शेवटी दोन्ही बाजूंनी नुकसान वाटून घेतले. आईंची नाराजी मात्र कोणाला वाटून घेता आली नाही. साधा ‘०१७’ एवढा आकडा त्या फोटोवर असता तर हा प्रसंग आला नसता.

आता नंबर कसा द्यावा ते पाहू. नावाच्या सुरुवातीला तारीख घ्यावी, आणि ती उलटी, म्हणजे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. आपण व्यवहारात दिवस आधी लिहितो, पण संगणक नावे डावीकडून एकेक अक्षर लावत जातो. दिवस आधी लिहिला तर १ जानेवारी, १ फेब्रुवारी, १ मार्च असे सारे एकाखाली एक येतील आणि २ जानेवारी कुठल्या कुठे जाईल. वर्ष आधी लिहिले की अक्षरांचा क्रम आणि काळाचा क्रम एकच होतो. हीच पद्धत १९८८ च्या आंतरराष्ट्रीय मानकातही आहे. १५ जानेवारी २०२६ चा फोटो म्हणजे ‘२०२६०११५’. तारखेत तिरपी रेघ घालू नये. विंडोज फाईलच्या नावात ती स्वीकारतच नाही.

तारखेनंतर सिलसिलेवार नंबर, आणि त्यात पुढची शून्ये सोडू नयेत. १, २, ३ असे दिले तर कित्येक ठिकाणी १ नंतर १०, मग ११, आणि २ त्याच्यानंतर येतो. विंडोजची खिडकी २००१ पासून आकड्यांची किंमत ओळखून लावते, म्हणून आपल्याला वाटते सगळे ठीक आहे. तोच पेन ड्राईव्ह टीव्हीला किंवा छपाईवाल्याच्या यंत्राला लावला की क्रम विस्कटू शकतो. ००१, ००२ असे लिहिले म्हणजे कुठेही फसगत नाही. किराणा-कापडाच्या दुकानाला रोजचे तीन आकडे पुष्कळ झाले. लग्नाचे फोटो काढणाऱ्याने मात्र चार घ्यावेत.

नंबर रोज एकपासून सुरू करावा की वर्षभर सलग चालवावा, यावर दोन मते आहेत. माझे मत रोज नव्याने, कारण तारीख सोबत आहेच. वर्षभर सलग चालवायचा तर कालचा शेवटचा आकडा कोणता होता हे कोणीतरी लक्षात ठेवावे लागते, आणि दुकानात तो माणूस नेमका त्या दिवशी सुट्टीवर असतो.

नंबरानंतर एखादा शब्द जोडावा, ‘साडी-मालेगाव’ किंवा ‘बिल’ एवढाच. आकडे इंग्रजी वापरावेत, कारण मराठी आकडे संगणकाच्या लेखी वेगळी अक्षरे आहेत आणि दोन्ही मिसळले तर क्रम मोडतो. आमच्यापैकी ज्यांना उर्दूत नाव द्यायची हौस आहे त्यांना एक सांगतो. उर्दू उजवीकडून चालते आणि तिच्यातले आकडे डावीकडून. एकाच नावात उर्दू शब्द, तारीख आणि नंबर आले की पडद्यावर त्यांच्या जागा अशा बदलतात की तारीख कोणती व नंबर कोणता हे कळेनासे होते. फाईल बिघडत नाही, पण वाचणारा फसतो.

नावात खरेदीचा भाव मात्र कधीही घालू नये. आपल्या बाजारात चिठ्ठीवर खरेदीची किंमत अक्षरांच्या गुप्त खुणेने लिहिण्याची चाल जुनी आहे, ती उगीच नव्हती. फाईल गिऱ्हाईकाकडे गेली की तिचे नावही सोबत जाऊ शकते.

शंभर फोटोंची नावे एकेक करून बदलत बसायचे काय? नाही. विंडोजमध्ये सारे फोटो निवडून एफ-२ ची कळ दाबावी, नाव लिहून एंटर करावे, म्हणजे सर्वांना तेच नाव लागून पुढे कंसात १, २, ३ येतात. काम एका क्षणात होते, पण कंसातल्या आकड्यांना पुढची शून्ये नसतात आणि तारीख आपण स्वतः घालावी लागते. एकाच दिवसाचे फोटो असतील तर चालून जाते. चुकले तर लगेच कंट्रोल आणि झेड दाबावे. मॅक संगणकातही २०१४ पासून अशी घाऊक सोय आहे.

याहून पक्के काम ‘इरफानव्ह्यू’ करते. नाव ओळखीचे वाटेल. बोस्नियातील यायत्से गावचा इरफान श्किल्यान या तरुणाने हा प्रोग्राम लिहिला आणि १९९६ साली तो प्रथम बाहेर आला. त्यात बी ही कळ दाबली की घाऊक कामाची खिडकी उघडते. तेथे नावाचा साचा द्यायचा असतो. जेवढी ‘हॅश’ची चिन्हे लिहाल तेवढ्या आकड्यांचा नंबर पडतो, म्हणजे तीन चिन्हे दिली की ००१ पासून सुरुवात. फोटो काढल्याची तारीखही तो फोटोच्या आतून उचलून नावात घालतो. घरगुती वापराला तो मोफत आहे. दुकानाच्या कामासाठी वापरायचा तर रीतसर पैसे भरून नोंदणी करावी लागते, हे आपल्या व्यापारी बांधवांनी ध्यानात ठेवावे.

फोटोच्या आतली तारीख म्हणजे काय, तेही समजून घेतले पाहिजे. कॅमेरा प्रत्येक फोटोच्या पोटात काढल्याची तारीख, वेळ व इतर माहिती लिहितो. या पद्धतीला ‘एक्झिफ’ म्हणतात, ती १९९५ पासूनची. फाईलवर बाहेरून दिसणारी ‘तयार झाल्याची तारीख’ वेगळी. मोबाईलमधून संगणकात आज नक्कल केली तर ती आजची दाखवते, फोटो मग दिवाळीतला का असेना. म्हणून नाव देताना पोटातली तारीख घ्यावी. तीही कॅमेऱ्याच्या घड्याळावर अवलंबून. सेल उतरून घड्याळ मागे गेले असेल तर सगळे फोटो जुन्या सालात जाऊन बसतात. लग्नात दोन कॅमेरे असतील आणि एकाचे घड्याळ दहा मिनिटे पुढे असेल तर वेळेप्रमाणे लावलेल्या अल्बममध्ये पाठवणी आधी आणि जेवणावळ नंतर येते. फोटोग्राफरने सकाळीच दोन्ही घड्याळे जुळवून घेणे हा त्यावरचा सोपा उपाय.

व्हॉट्सअपची गोष्ट आणखी निराळी आहे, आणि आपला निम्मा धंदा त्यावरच चालतो. त्यावरून फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रातली पोटातली माहिती निघून जाते. अँड्रॉइड मोबाईलवर ते ‘आयएमजी’, मग तारीख, मग ‘डब्ल्यूए’ आणि चार आकडे अशा नावाने उतरते. ती तारीख फोटो काढल्याची नव्हे, आपल्याकडे आल्याची. म्हणजे व्यापाऱ्याने कितीही मेहनतीने नंबर दिला असला तरी तो वाटेतच गळतो. नाव शाबूत राखायचे तर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा, मग नाव व आतली माहिती दोन्ही जशीच्या तशी पोहोचतात.

पण गिऱ्हाईकाला डॉक्युमेंट उघडायचा कंटाळा. त्यासाठी माझा आग्रह असा की फोटो काढतानाच साडीच्या पदराजवळ कागदाच्या चिठ्ठीवर ठळक अक्षरांत नंबर लिहून ठेवावा आणि तोच आकडा फाईलच्या नावात यावा. चित्रातला नंबर कुठल्याही मोबाईलला पुसता येत नाही. गिऱ्हाईक ‘वरून चौथी’ म्हणाले तर दुकानदाराने उलट विचारावे, ‘ताई, चिठ्ठीवरचा आकडा सांगा.’

बिलांच्या फोटोंसाठी वेगळा फोल्डर करावा, कारण हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. आणि नावे बदलण्याआधी मूळ फोटोंची एक नक्कल पेन ड्राईव्हवर काढावी. नवा साचा प्रथम चार-पाच फोटोंवर करून पाहावा, मग गठ्ठ्याला हात घालावा.

आजवरचे साचलेले हजारो फोटो एकदम सुधारायला बसू नये, कोणीही ते पुरे करत नाही. आजच्या तारखेपासून नवी पद्धत सुरू करावी आणि जुने नुसते वर्षाच्या फोल्डरमध्ये टाकावेत. घरातले कागदी फोटो स्कॅन करून घेतले असतील तर त्यांच्या पोटात कसलीच तारीख नसते, असली तरी स्कॅन केल्याची. त्यांचे साल घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून घ्यावे. महिना किंवा दिवस आठवत नसेल तर त्या जागी शून्ये घालावीत. १९८५ चा फोटो ‘१९८५००००-००१’ झाला तरी तो १९८६ च्या आधीच लागेल, आणि पुढे कोणाला महिना आठवला तर शून्यांच्या जागी तो लिहिता येईल.